हरवलेल्या फाइलींच्या खानझोडेबाई

खानझोडेबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरकडे आधी पाहिलंच नाही. त्यांनी स्टूल मागितलं. टेबलासमोर चाकांची चांगली खुर्ची होती, ह्यांनी हौसेने आणलेली. ती त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली. "ही खुर्ची फिरते, मग माणूसही फिरतो," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर ताठ बसल्या. पिशवीतून दोनशे पानी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि मग म्हणाल्या, "हां, लावा आता. पण मी सांगेपर्यंत काही दाबायचं नाही."

आम्ही तेव्हा भोपाळमध्ये, बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे कारखान्यात इंजिनियर, मी टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायचे. घरोघरी कॉम्प्युटर येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे आजारही आले होते. ह्यांनी कुठूनसा फुकटातला एक प्रोग्रॅम उतरवून घेतला होता, पडद्यावर मासे पोहताना दाखवणारा. माशांबरोबर स्पायवेअर आलं. आपल्या नकळत आत शिरून आपण काय टाइप करतो यावर पाळत ठेवायची आणि वर जाहिरातींचा मारा करायचा, हा त्याचा उद्योग. जवाहर चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या अस्लमभाईंनी येऊन ते साफ केलं. जाहिराती थांबल्या. पण त्यानंतर कॉम्प्युटर सुरू केला की एकामागून एक तीन चौकटी यायच्या, अमुक फाइल सापडत नाही म्हणून, आणि इंटरनेट तर बंदच पडलं. अस्लमभाईंचं म्हणणं होतं, सगळं पुसून नव्याने भरू. ह्यांचं म्हणणं, ओके दाबून पुढे जायचं, त्यात काय. माझी दहा वर्षांची टिपणं आणि नकाशे मी त्यात भरले होते, म्हणून मी शेजारच्या बाईंना विचारलं आणि त्यांनी खानझोडेबाईंचं नाव सांगितलं.

नाव ऐकून हे हसले होते. कारण खानझोडेबाई कोण हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कामगारांना हत्यारं देणाऱ्या खिडकीवर त्या बसायच्या. माणसाने आपला पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं, परत आणलं की बिल्ला परत. मूळच्या वर्ध्याच्या, शिक्षण मराठीतून दहावीपर्यंत. नवरा फोर्ज शॉपमध्ये, तापलेल्या लोखंडावर घण घालणाऱ्या विभागात होता, तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर बाईंना ही खिडकी मिळाली. वय पन्नाशीच्या पलीकडचं, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर दोरी लावलेला चष्मा.

पहिली चौकट आली. बाईंनी ती वाचली नाही, उतरवून घेतली. एकेक अक्षर बघायचं, वहीत काढायचं, पुन्हा बघायचं. पुढचा ठिपकाही सोडायचा नाही. एका ओळीला तीन-चार मिनिटं. हे दारात उभे राहून चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, मी वाचून दाखवतो ना. बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं.

"साहेब, तुम्हाला इंग्रजी येते, म्हणून तुम्ही वाचत नाही. कॉम्प्युटर काय झालं ते बोलून राहिला आहे अन् तुम्ही ओके म्हणून राहिले."

त्यांच्या साऱ्या विद्येचं मूळ इथे होतं हे मला पुढे कळलं. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांना अंदाजाने वाचता यायचं नाही. आपण पहिले दोन शब्द बघतो आणि उरलेलं मनानेच पुरं करतो. त्यांना प्रत्येक अक्षर अनोळखी, म्हणून प्रत्येक अक्षराकडे नीट बघणं भाग. एल आणि एक, ओ आणि शून्य यातला फरक त्यांच्याइतका कुणाला दिसत नसे. आणि स्पायवेअर लिहिणारे लोक नेमका तिथेच घोटाळा करून ठेवतात.

तीनही चौकटी उतरवून झाल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. पहिली फाइल चोराचीच, म्हणजे त्या स्पायवेअरचीच होती. चोर गेला, पण सकाळी उठून त्याला हाक मारायची असं कॉम्प्युटरच्या यादीत लिहिलेलं राहिलं. "माणसाची बदली झाली, पण मस्टरवर नाव तसंच. रोज हाक, रोज गैरहजर." ते नाव यादीतून काढलं की झालं. दुसरी फाइल खरी, कॉम्प्युटरच्या हाडामासाची. चोराने तिच्यात स्वतःला चिकटवलं होतं आणि साफसफाईत तीही गेली. ती मूळ सीडीवरून परत आणायची. तिसरी गोष्ट इंटरनेटची. त्या रस्त्यावर चोर मधली कडी होऊन बसला होता. कडी काढली, पण तुटलेली साखळी कुणी जोडली नाही. हे सगळं त्यांनी दोन संध्याकाळी येऊन केलं. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला. ह्यांनी खरंच हात जोडले. बाईंनी जाताना अंगणातल्या पांढऱ्या जास्वंदीची एक फांदी मागून घेतली.

फांदी ही त्यांची नेहमीची मागणी. ज्या घरचा कॉम्प्युटर सुधारला त्या घरचं एक रोप त्यांच्या क्वार्टरपुढे लागायचं. तिथे गेलं की त्या ओळख करून द्यायच्या, हा गुप्तांचा मोगरा, ही डिसूझांची बोगनवेल, हा नायरांचा कढीपत्ता. आमची जास्वंदी नळाजवळ होती आणि आमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त फुलायची.

त्या हे शिकल्या कशा, तेही ऐकण्यासारखं आहे. हत्यारांच्या खिडकीवर कॉम्प्युटर बसवला तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बाईंना दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. पुढे कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून त्या कॉम्प्युटरमध्ये असलंच काही शिरलं, ते काढलं गेलं आणि चौकटी येऊ लागल्या. काढणारा म्हणाला, ओके दाबत जा. बाई अकरा दिवस रोज सकाळी सात वेळा ओके दाबत राहिल्या. बाराव्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, हा म्हणतो तरी काय? तो म्हणाला, फाइल हरवली आहे म्हणतोय. बाईंना ते सहनच होईना. एक पाना कमी भरला तर शिफ्ट संपल्यावरही त्या खिडकी बंद करत नसत, आणि इथे सात वस्तू हरवल्या आहेत, यंत्र रोज सकाळी तसं सांगतं आहे आणि सगळे त्याला बरं बरं म्हणत आहेत. कॉम्प्युटर विभागात एक वर्गीस नावाच्या बाई होत्या. त्यांच्यापाशी जाऊन खानझोडेबाई महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसल्या. डबा उघडायच्या आणि वहीही उघडायच्या. कारखान्यातल्या शहाण्यांना याची मोठी गंमत वाटायची. महिन्याने सातही चौकटी बंद झाल्या.

त्यांची काही पथ्यं होती. एक म्हणजे, हे आलं कुठून असं त्या कधी विचारत नसत. एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले होते. साहेब देवळाच्या समितीत, कपाळावर गंध. कॉम्प्युटरमध्ये काय काय भरलं होतं ते पहिल्या पाच मिनिटांत बाईंना दिसलं असणार, कारण त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. साहेबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि सरळ विचारलं, "ये सब आया कहाँ से?" साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाई म्हणाल्या, "मॅडम, ये हर घर में घुस रहा है. हमारे यहाँ भी घुसा था." यात खोटं काही नव्हतं. परतताना मला राहवलं नाही, मी विचारलं, काय होतं हो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे रस्ताभर भाज्यांबद्दल बोलत राहिले.

दुसरं पथ्य चुकीतून आलं होतं आणि ती चूक त्या स्वतः होऊन सांगायच्या. नायरांच्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल नव्हती. बाईंकडे घरच्या कॉम्प्युटरवर त्याच नावाची फाइल होती, ती त्यांनी नेऊन तिथे ठेवली. नाव तेच, पण आतला माल वेगळ्या आवृत्तीचा. कॉम्प्युटर जो बसला तो उठलाच नाही. सगळं पुसावं लागलं आणि नायरांनी काढलेले देवळांचे कितीतरी फोटो गेले. नायर सज्जन, ते म्हणाले होते की मशीनच जुनी होती. बाईंनी ते मानलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, नायरांच्या पत्नीला आणि सासूबाईंनाही बसवलं आणि सांगितलं की मशीनचा दोष नाही, माझा आहे. त्या दिवशी त्यांना फांदी मागायची नव्हती. नायरांच्या सासूबाईंनीच कढीपत्त्याचं रोप कुंडीसकट हातात दिलं. तेव्हापासून बाई कुठेही गेल्या की आधी विचारायच्या, ह्यात गेलं तर रडू येईल असं काय आहे? ते आधी सीडीवर घ्यायचं, मग कामाला हात. आणि कुठलीच फाइल टाकून द्यायची नाही. नाव बदलून बाजूला ठेवायची.

एकदाच असं झालं की हे पथ्य पाळणं त्यांच्या हातात नव्हतं.

इंद्रपुरीत तिवारीजी राहायचे. फोर्ज शॉपचे निवृत्त फोरमन, रीवाकडचे. घणांच्या आवाजातही ज्यांचा आवाज ऐकू यायचा अशी त्यांची ख्याती. त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं. त्यांची मुलगी सुनीता इंदूरला असते. ऑपरेशनच्या आधी ती आली आणि दोन दिवस वडिलांना माइकसमोर बसवून तिने त्यांच्या आवाजात चाळीसेक वाक्यं कॉम्प्युटरवर भरून घेतली. रोजची वाक्यं. सुनो. पानी देना. कौन आया है. चाय में शक्कर कम. नातवासाठी एक गोष्ट, आणि शेजारच्या पोरांसाठी एक सणसणीत दम. प्रत्येकाला एक चित्र. चित्रावर माउसने टिचकी मारली की तिवारीजी बोलायचे. ऑपरेशननंतर वर्षभर त्या घरात असाच संसार चालला होता.

मग तिथेही स्पायवेअर शिरलं. अस्लमभाईंनी ते काढलं आणि कॉम्प्युटर वेगळाच वागू लागला. सुरू व्हायचा, नावावर टिचकी मारली की स्वागत म्हणायचा आणि दुसऱ्या क्षणी बाहेर काढायचा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आत शिरताच येत नव्हतं, तर वाचवायचं काय आणि कसं? अस्लमभाई स्वतः कष्टी झाले होते. पुसण्याशिवाय मार्ग नाही म्हणाले, पण पुसायला हात धजेना, म्हणून त्यांनीच खानझोडेबाईंना निरोप धाडला.

मी त्या दुपारी त्यांच्याबरोबर होते. मिनीबसमध्ये त्यांनी मला सांगितलं की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ह्याच तिवारींनी त्यांना खिडकीवर येऊन झापलं होतं. बिल्ला न आणता माप तपासायचा गेज मागत होते, बाईंनी दिला नाही. "असे ओरडले की छपरावरची कबुतरं उडाली. घरी जाऊन रडली मी." दुसऱ्या दिवशी तिवारी आले, बिल्ला खिडकीत ठेवला आणि एक शब्द न बोलता उभे राहिले. त्यानंतर त्यांच्या शॉपमधून बिना बिल्ल्याचा माणूस कधी आला नाही.

तिवारीजी आरामखुर्चीत बसले होते, गळ्याभोवती मफलर, मांडीवर पाटी. आम्हाला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, रहने दो. बाईंनी ते वाचलं, मान हलवली आणि स्टूल मागितलं.

त्यांनी कॉम्प्युटर चार वेळा सुरू करून बघितला. मग तो बंद करून म्हणाल्या की आता जवाहर चौकात जाऊ. अस्लमभाई साफसफाई केली की काय काय काढलं त्याची यादी छापून गिऱ्हाइकाला दाखवत आणि एक प्रत ठेवत. ती चार पानांची यादी घेऊन बाई दुकानाच्या बाकावर बसल्या आणि पेन्सिलीने एकेका ओळीखालून जाऊ लागल्या. तासाभराने तिसऱ्या पानावर थांबल्या. वही उलटून मागचं पान काढलं. आपल्या घरचा कॉम्प्युटर धडधाकट असताना त्याच्या आत कुठे काय लिहिलेलं असतं ते त्यांनी उतरवून ठेवलं होतं. माणूस आत आला की दार उघडायला कॉम्प्युटर एका ठराविक फाइलला हाक मारतो. तिवारींच्या कॉम्प्युटरमध्ये चोराने त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं. चोर गेला. आता कॉम्प्युटर त्यालाच हाक मारत होता, ओ येत नव्हती आणि दार लागत होतं.

अस्लमभाई म्हणाले, पण बाई, ते नाव बदलायला आत तर जायला हवं. बाईंनी यादीतल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग म्हणाल्या, "दार उघडणारी खरी फाइल तर जागेवरच आहे ना? मग तिलाच थोडा वेळ चोराचं नाव देऊ."

पुन्हा इंद्रपुरी, आता अस्लमभाईही बरोबर. मूळ सीडी देवघराच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत निघाली. त्या सीडीवरून कॉम्प्युटर सुरू केला की काळा पडदा येतो आणि त्यावर हाताने हुकूम लिहावा लागतो. बाईंनी तो आधी कागदावर लिहिला, खऱ्या फाइलची एक प्रत करायची आणि तिला चोराचं नाव द्यायचं असा. मला अक्षर अक्षर वाचायला लावला. दुसऱ्यांदा अस्लमभाईंना वाचायला लावला. मग एका बोटाने टाइप केला. पडद्यावरची ओळ पुन्हा कागदाशी ताडून बघितली.

"वहिनी, मला ह्या घरी येऊन माफी मागायची नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि कळ दाबली.

सीडी काढली, कॉम्प्युटर पुन्हा लावला. तिवारीजींच्या नावावर टिचकी. स्वागत. आम्ही चौघंही त्या पडद्याकडे बघत होतो. निळा रंग गेला, क्षणभर काहीच नाही, आणि मग नातवाचा फोटो आला, त्याच्या भोवती छोटी छोटी चित्रं. तिवारीजी खुर्चीतून उठले. बाईंनी माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी पहिल्या चित्रावर टिचकी मारली.

"सुनो," भरदार, खणखणीत आवाज खोलीभर घुमला.

आतल्या स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आयी जी." नेहमीसारखा, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला. मग भांड्यांचा आवाज थांबला. त्या पदराला हात पुसत दारात आल्या, कॉम्प्युटरकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. अस्लमभाई उगाच चष्मा पुसायला लागले.

खानझोडेबाईंना कौतुक ऐकायला वेळ नव्हता. आधी सीडी द्या, म्हणाल्या. सगळी वाक्यं तीन सीड्यांवर घेतली, एक घरात, एक सुनीताला, एक अस्लमभाईंच्या दुकानात. मग आतल्या यादीतलं चोराचं नाव पुसून खऱ्या फाइलचं लिहिलं, उसन्या नावाची प्रत बाजूला केली, तीन वेळा बंद-चालू करून बघितलं. तेव्हा कुठे त्या टेकल्या. तिवारीजी माउस फिरवत काहीतरी शोधत होते. सापडल्यावर त्यांनी बाईंकडे बघत टिचकी मारली. "बैठो, बैठो, चाय पीकर जाना." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हाँ साहब, बैठी हूँ." त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला. अंगणात लिंबाचं झाड होतं, पण फांदीने ते सहज लागत नाही म्हणून तिवारीजींच्या पत्नीने पाच पिकली लिंबं दिली, बियांसाठी.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडून दोन खोल्यांच्या घरात राहायला गेल्या. रोपं हातगाडीवरून गेली, चार फेऱ्यांत. वर्ध्याला बहीण बोलवत होती. बाई म्हणायच्या, जाईन की, इथले जरा बरे होऊ देत. इथले म्हणजे कॉम्प्युटर की माणसं, हे मी विचारलं नाही. दुपारी त्यांच्याकडे पाच-सहा बायका जमायच्या, कुणी गुजराती, कुणी बंगाली, आणि बाई त्यांना चौकटीत आलेलं वहीत उतरवायला शिकवायच्या. एकीने विचारलं होतं, ह्याचा अर्थ काय? बाईंनी तिला सांगितलं, अर्थ नंतर येतो, आधी स्पेलिंग.

आम्ही भोपाळ सोडलं ती थंडीतली एक सकाळ होती. हे निवृत्त झाले होते, सामान आदल्या दिवशी ट्रकने पुण्याला गेलं होतं, आणि आम्ही दोन बॅगा घेऊन रिक्षाने स्टेशनला निघालो होतो. निरोप आधीच घेऊन झाला होता, त्यामुळे त्या दिसतील असं वाटलं नव्हतं. टाउनशिपच्या गेटपाशी समोरून एक स्कूटर आली. चालवणारी कुणी सलवार-कमीजमधली तरुण बाई होती, आणि मागे एका बाजूला पाय सोडून खानझोडेबाई बसल्या होत्या. मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, चौकड्याच्या चादरीत नीट गुंडाळलेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. त्यांनी आम्हाला पाहिलं. हात मोकळा नव्हता. त्यांनी मान उंचावली, तोंडभर हसल्या आणि जाता जाता काहीतरी म्हणाल्या. रिक्षाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी मागे वळून बघितलं तेव्हा स्कूटर बरखेड्याकडे वळत होती आणि बाई पुढच्या मुलीच्या खांद्यावरून वाकून तिला सांगत होत्या, बहुतेक, पुढे खड्डा आहे, हळू घे.